लाल डागाखाली काय आहे? थर्मल कॅमेरा, कोकणातला खडक आणि माझी एक चूक

(पॉडकास्टच्या या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, ऑफिसातून निघून सिग्नलला अडकला असाल, जिथे असाल तिथे ऐका. आजचा विषय ऐकायला जरा जड वाटेल. थर्मल इमेजिंग वापरून खडकांचा अभ्यास कसा करतात आणि त्यातून जमिनीखालची ऊर्जा कशी शोधतात. पण घाबरू नका. यात एक स्टीलचं पातेलं आहे, एक चिरा आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती चूक माझ्या काकांना पैशात मोजावी लागली. म्हणून हा भाग करतेय.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सॅटेलाइटच्या फोटोंवर कोड चालवून त्यातून नकाशे काढायचे, हे माझं रोजचं काम. मी भूशास्त्रज्ञ नाही. पण माझं गाव संगमेश्वर तालुक्यात, तुरळपासून जवळ. तुरळ, राजवाडी, आरवली ही नावं मुंबई-गोवा हायवेने गेलेल्यांना माहीत असतील. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. तुरळच्या कुंडात पाणी ६० अंशांच्या आसपास असतं. आजी सांगायची, बाळंतिणीला आंघोळीला इथलं पाणी न्यायचे. लहानपणी आम्ही त्यात पाय बुडवायची पैज लावायचो आणि सगळेच हरायचो.

आता हे पाणी गरम का? कोकणात ज्वालामुखी आहे का? नाही. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीतूनच आला, पण त्याला साधारण साडेसहा कोटी वर्षं झाली. तो लाव्हा केव्हाच थंड झालाय. खरं कारण वेगळं आहे. जमिनीत खाली जाल तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. हे जगात जवळजवळ सगळीकडे असतं. कोकणात पाऊस भरपूर. ते पाणी खडकातल्या खोल भेगांतून खाली मुरतं, तिथे तापतं, आणि जिथे वर यायला मोकळी भेग मिळते तिथून परत वर येतं. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून खाली राजापूरपर्यंत ही कुंडं जवळपास एका रेषेत आहेत, कारण त्या पट्ट्यात भेगाही तशाच उत्तर-दक्षिण गेल्यात. गावांची नावंच बघा ना, उन्हवरे, उन्हाळे. ऊन पाणी. लोकांनी सर्व्हे आधीच करून ठेवलाय.

अशा उष्णतेवर वीज करता येते का? जगात करतात. आइसलँडमध्ये, केनियात, कॅलिफोर्नियात. भारतात सगळ्यात जास्त चर्चा लडाखमधल्या पुगा खोऱ्याची. समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवर, आणि झऱ्यांचं पाणी ८४ अंशांपर्यंत. इतक्या उंचीवर पाणी उकळतंच साधारण तेवढ्यावर. तिथे १ मेगावॉटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी ओएनजीसीने फेब्रुवारी २०२१ मध्ये लडाख प्रशासनाबरोबर करार केला. देशभरात असे तीनशेहून जास्त गरम झरे नोंदलेले आहेत. कोकणातले त्यातलेच.

हे सगळं वाचून माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपण तर सॅटेलाइटवर काम करतो, मग आपल्याच गावाचा उष्णतेचा नकाशा का काढू नये?

थर्मल कॅमेरा काय करतो ते आधी सांगते. प्रत्येक वस्तू स्वतःच्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. तुम्ही, तुमचा फोन, भिंत, खडक, सगळे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी काचेच्या लोलकातून आलेल्या रंगांचं तापमान मोजताना थर्मामीटर लाल रंगाच्याही पलीकडे, अंधारात ठेवला, आणि तिथे पारा जास्त चढला. तेच हे इन्फ्रारेड. थर्मल कॅमेरा त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा बघतो. असाच कॅमेरा लँडसॅट ८ या सॅटेलाइटवर आहे. २०१३ पासून तो ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतोय, दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो, आणि त्याचा डेटा फुकट मिळतो. तुम्ही आज रात्री डाउनलोड करू शकता.

मी तेच केलं. एप्रिलमधला, ढग नसलेला एक फोटो घेतला. आकड्यांचं तापमानात रूपांतर केलं. गार जागा निळी, गरम जागा लाल. आणि काय सांगू! आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, मोठाच्या मोठा लालभडक डाग. सडा म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. जांभ्या दगडाचं सपाट उघडं पठार. झाड नाही, फारशी माती नाही, नुसता कातळ. त्यावर ४५ अंशांच्या वर तापमान दिसत होतं.

मला इतका आनंद झाला की रात्री साडेबारालाच तो नकाशा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या सड्याखाली उष्णतेचा साठा असू शकतो!" पुढे उद्गारचिन्ह, त्याच्यापुढे आगीचे तीन इमोजी.

त्या सड्याला लागून काकांची थोडी जमीन आहे. चुलत बहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची होती, म्हणून काका ती जमीन विकायच्या बेतात होते. गिऱ्हाईक ठरलं होतं. काकांनी नकाशा पाहिला आणि त्या माणसाला सांगितलं, "जरा थांबा, माझी पुतणी इंजिनियर आहे, ती म्हणते खाली काहीतरी आहे." तो माणूस दोन आठवडे थांबला आणि दुसरीकडे जमीन घेऊन मोकळा झाला.

हे मला महिनाभराने कळलं, गावी गेल्यावर. काकांनी ओटीवर बसवलं, फोन पुढे धरला आणि विचारलं, "काय गो, हा लाल म्हणजे नक्की किती खोल?"

मंडळी, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तो स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मग बसले. आधी तोच नकाशा परत उघडला आणि साधी गोष्ट बघितली, जी पहिल्या दिवशी बघायला हवी होती. तुरळचं कुंड कुठे आहे? तिथे ६० अंशांचं पाणी आहे हे पोराटोरांना माहीत आहे. माझा नकाशा खरा असेल तर तिथे लाल दिसायला हवं. मी झूम केलं. निळं! झाडी आणि ओल्यामुळे तो भाग उलट गारच दिसत होता.

सॉफ्टवेअरवाले ऐकत असतील त्यांना कळलं असेल माझं काय झालं. ज्या केसचं उत्तर माहीत आहे ती टेस्ट न चालवता मी थेट प्रॉडक्शनला ढकललं होतं. ऑफिसात असं केलं असतं तर स्वतःच्या कोडची लाज वाटली असती. इथे तर समोर काका होते.

कुंड दिसलं का नाही, त्याचा हिशेब सोपा आहे. लँडसॅटच्या थर्मल कॅमेऱ्याचा एक मूळ पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १०० मीटर बाय १०० मीटरचा चौकोन, साधारण अडीच एकर. त्या अख्ख्या चौकोनाचं मिळून एकच तापमान येतं. आता कुंड समजा ४ मीटर बाय ४ मीटर, म्हणजे १६ चौरस मीटर. चौकोन १०,००० चौरस मीटरचा. कुंड आजूबाजूपेक्षा ३० अंशांनी गरम असलं तरी सरासरीत भर पडते ०.०५ अंशांची. गावजेवणाच्या आमटीत एक चमचा तिखट जास्त पडलं तर कोणाला कळणार आहे?

मग सडा लाल का? कारण लँडसॅट आपल्याकडून सकाळी अकराच्या सुमारास जातो. एप्रिलमधले सकाळचे अकरा, उघडा गडद कातळ, सावली नाही, ओल नाही. तापणार नाही तर काय होणार? तो नकाशा जमिनीखालच्या उष्णतेचा नव्हताच. तो उन्हाचा नकाशा होता.

इथे दोन आकडे सांगते, ते लक्षात ठेवा. भर दुपारी सूर्य एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ओततो. आणि पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता? खंडांवरची सरासरी एका चौरस मीटरला साधारण ०.०६५ वॉट. पंधरा हजार पटींचा फरक. लग्नाच्या वरातीत बँजो वाजत असताना मागे कोणीतरी हळूच शीळ घालतंय, आणि तुम्हाला ती शीळ ऐकायची आहे.

आणि खोली? काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. थर्मल कॅमेरा खडकाच्या आत बघत नाही. त्याला दिसतो तो फक्त पृष्ठभाग, मिलिमीटरपेक्षाही पातळ थर. दिवस-रात्रीची उष्णता खडकात उतरते तीही साधारण वीतभरच, पंधरा-सोळा सेंटिमीटर. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक तीन-साडेतीन मीटरपर्यंत जाणवतो. म्हणजे माझा लाल डाग एका विटेएवढाही खोल नव्हता. आणि त्याच्यावर काकांनी सौदा थांबवला होता.

मग थर्मल कॅमेरा काही कामाचा नाही का? आहे. आणि हे कळायला मला तो हातात घ्यावा लागला.

एका मित्राकडून फोनला लावायचा छोटा थर्मल कॅमेरा आणला. पहिल्यांदा स्वयंपाकघरात प्रयोग केला. चकचकीत स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी ओतलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. पातेलं गार! हात लावला असता तर फोड आला असता, आणि कॅमेरा म्हणतोय गार. मग पातेल्यावर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली. पट्टीपुरतं एकदम लाल. कारण चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी टाकतो, तो आजूबाजूचं प्रतिबिंबच जास्त दाखवतो. काळी पट्टी जवळजवळ पूर्ण टाकते. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. बहुतेक खडकांची उत्सर्जकता चांगली असते, पण सगळ्या तरंगलांबींवर सारखी नसते. गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, साधारण ८ ते ९ मायक्रॉनच्या आसपास घसरते. काळ्या पाषाणाची त्याहून पुढे घसरते. १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा सॅटेलाइटवर ॲस्टर नावाचं उपकरण आहे. ते थर्मलमध्येच पाच वेगवेगळे पट्टे बघतं. त्यावरून तापमानच नाही तर खडक कोणत्या जातीचा आहे याचाही अंदाज येतो. गरम पाण्याने वर आणून सोडलेली सिलिका अशीच ओळखता येते. पाणी आज तिथे नसेल, पण कधीतरी होतं याची ती खूण.

दुसरा प्रयोग दगडांचा. एक जांभ्याचा तुकडा, म्हणजे आपला घराचा चिरा, आणि एक काळ्या दगडाचा तुकडा. दोन्ही साधारण एकाच आकाराचे आणि कोरडे. ओव्हनमध्ये ६० अंशांवर बराच वेळ ठेवले, बाहेर काढले आणि दर मिनिटाला फोटो. चिरा भराभर गार झाला, काळा दगड बराच वेळ ऊब धरून बसला. चिऱ्यात भोकंच भोकं, म्हणजे हवा. साठवायला दगडच कमी. प्रयोगशाळेत हेच जास्त काटेकोरपणे करतात. बोअरमधून काढलेले खडकाचे नमुने तापवायचे, गार होताना थर्मल कॅमेऱ्याने बघायचं, आणि त्यावरून खडक किती सच्छिद्र आहे, भेग कुठे आहे, उष्णता किती वेगाने पुढे जाते हे काढायचं. जमिनीखालच्या ऊर्जेसाठी हे फार महत्त्वाचं. पाणी साठायला आणि फिरायला छिद्रं-भेगा लागतात, आणि वर उष्णता धरून ठेवणारं झाकण लागतं. आपला काळा पाषाण उष्णता ग्रॅनाइटपेक्षा हळू जाऊ देतो. म्हणजे दख्खनच्या ग्रॅनाइटवर सह्याद्रीने गोधडी पांघरलीय म्हणा. ही गोधडी किती जाड? कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलंय, तिथे साधारण एक ते सव्वा किलोमीटर काळा पाषाण आणि खाली ग्रॅनाइट लागला. बघा, खाली काय आहे ते शेवटी खोदूनच कळतं.

(मध्येच सांगते: हा प्रयोग करायचा तर नदीतला ओला दगड घेऊ नका, आणि थेट गॅसवर तर मुळीच नको. आतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो.)

आता तिसरा प्रयोग, खरा. डिसेंबरात गावी गेले. काकांना म्हटलं, पहाटे येता का सड्यावर? ते म्हणाले, "परत लाल दाखवणार काय?" पण आले.

आम्ही प्रत्येक जागेचे दोन फोटो घेतले. एक रात्री अकराला, एक पहाटे पाचला, सूर्याचा बँजो बंद असताना. सडा पहाटे कॅमेऱ्यात गार पडला होता. माझा लालभडक डाग गेला होता. नाल्याकडे उतरलो तर काही ठिकाणी ऊब दिसली. मी परत खूश होणार होते, तेवढ्यात लक्षात आलं, हे काळे मोठे धोंडे आहेत. यांनी दिवसाचं ऊन अजून धरून ठेवलंय. म्हणून दोन फोटोंची तुलना केली. धोंडे अकरापासून पाचपर्यंत चांगलेच गार झाले होते. रात्र आणखी लांब असती तर आणखी झाले असते. पण नाल्याच्या काठाला खडकाच्या एका चिरेत बारीक ओली रेघ होती. ती अकराला जेवढी गरम, पाचलाही तेवढीच. उन्हाची ऊब रात्रीत ओसरते, खालून येणारी ओसरत नाही. साध्या थर्मामीटरने मोजलं. पाणी कोमट होतं, पण नाल्यातल्या पाण्यापेक्षा स्पष्ट जास्त.

मी उत्साहाने काकांना दाखवलं. ते म्हणाले, "हे होय? इथे आमची म्हातारी थंडीत पाय शेकायला बसायची."

म्हणजे कॅमेऱ्याने नवं काही शोधलं नाही. पण कॅमेरा आणि म्हातारी दोघांचं म्हणणं एकच निघालं. त्यामुळे पहिल्यांदाच मला माझ्या फोटोवर विश्वास बसला.

हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. अमेरिकेत नेवाडामध्ये ब्रॅडीज हॉट स्प्रिंग्ज नावाची जागा आहे. तिथे संशोधकांनी ॲस्टरचे दिवसाचे आणि रात्रीचे फोटो घेतले. मग एकेक गोष्ट वजा केली: कोणता उतार सूर्याकडे आहे, कोणता पृष्ठभाग फिका आणि कोणता गडद, कोणता खडक रात्री ऊब धरतो. एवढं सगळं काढून झाल्यावर जे उरलं, ती जमिनीखालून येणारी उष्णता. २००७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. मी केलं होतं ते याच्या बरोबर उलटं. वजाबाकी न करताच उत्तर ग्रुपवर टाकलं होतं.

आणि एवढं करूनही हा नकाशा सांगतो ते एवढंच की पुढचा शोध इथे घ्या. मग पाण्याचं रसायन तपासायचं. त्यात विरघळलेल्या सिलिकावरून खाली पाणी किती तापलं होतं त्याचा अंदाज येतो. मग भूभौतिक सर्व्हे, आणि मग बोअर. बोअरला पैसे फार लागतात, म्हणून ते कुठे घ्यायचं नाही हे स्वस्तात कळणं हेच थर्मल इमेजिंगचं मोठं काम. कोकणातलं पाणी पुगापेक्षा शांत स्वभावाचं आहे. त्यावर वीज होईल का, की आधी काजू वाळवायला, कोल्ड स्टोरेजला ती उष्णता वापरावी, हे ठरायला अजून बरंच मोजायचंय. ते मोजल्याशिवाय कोणी तुमच्या जमिनीचा भाव वाढेल म्हणत असेल, तर तो बहुधा सकाळी अकराचा फोटो दाखवतोय.

काकांचं काय झालं? त्या वर्षीची फी त्यांनी आंब्यावर दलालाकडून उचल घेऊन भरली. उचल घेतली की आंबा त्यालाच द्यावा लागतो, त्याच्या भावाने. त्यात जे नुकसान झालं त्याचा आकडा त्यांनी मला सांगितला नाही. मी दुसऱ्या वर्षाच्या फीमधला अर्धा वाटा उचलला. काका नको म्हणत होते, पण बहीण म्हणाली, "घ्या की, तिचाच नकाशा होता." बरोबर बोलली.

त्या ग्रुपवर मी दुरुस्तीही टाकली. सरळ लिहिलं, आधीचा नकाशा चुकीचा होता, तो उन्हाचा होता, जमिनीखालचा नव्हता. गंमत बघा, पहिला नकाशा गावातल्या चार ग्रुपांत फिरला होता. दुरुस्ती कोणीच फॉरवर्ड केली नाही. म्हणून दिवाळीत घरोघरी जाऊन सांगितलं, फराळ खात खात. तेवढाच मार्ग होता.

आता तुमच्या फोनवर असा लालनिळा नकाशा आला, उष्णतेचा असो, पाण्याचा असो, तर तीन गोष्टी विचारा. फोटो किती वाजता काढलाय? त्यातून काय काय वजा केलंय? आणि त्या जागी जाऊन कोणी हात लावून पाहिलंय का? मी आता माझ्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात हे तिन्ही लिहिते. ऑफिसातसुद्धा. आणि चौथी एक ओळ काकांच्या नावाने: "खोली: फक्त पृष्ठभाग."

तुमच्या गावात असा उन्हाळा, असा कोमट झरा असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला लिहून कळवा. जागेचं नाव, आणि थंडीत पहाटे पाणी कसं लागतं तेवढं पुरे. आकडे आपण नंतर मोजू.

चला, आज इथेच थांबते. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.